पोटातली ओळख

सकाळी गालाला साबण फासून बाथरूमच्या आरशापुढे उभा होतो, तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी गार लागलं. साबणाची वडी पडली असेल म्हणून मी पाय टेकवणारच होतो, पण साबण असा दबून परत फुगत नाही. पाय आपोआप वर गेला आणि मी बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो, एका हातात वस्तरा, दुसरा हात भिंतीला. खाली, सांडपाण्याच्या जाळीपासून वीतभर अंतरावर, एक राखाडी, बिनशंखाची गोगलगाय शिंगं आत ओढून गोळा होऊन बसली होती. यात नवल काही नाही. ओल तिथे गोगलगाय. नवल माझ्या अंगठ्यावर होतं. तिथे चिकटा लागला होता, आणि तो पांढरा नव्हता, दुधाळ नव्हता. पिकल्या लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता. दोन बोटांत धरून ताणला तर तार निघाली, तुटेना. मी कपड्यांच्या टोपलीवर बसलो आणि गालावरचा फेस वाळून कातडी ओढायला लागली तरी बसूनच राहिलो. हा चिकटा मी शेवटचा पाहिला तेव्हा माझे केस काळे होते आणि माझ्यावर लोकांचा विश्वास होता. दोन्ही एकदम गेले असं नाही; विश्वास आधी गेला.

माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं अशी आमच्या नातेवाइकांत पद्धत आहे. कोणतं निम्मं, एवढंच त्यांना कधी कळलं नाही. मी गोगलगायींवर काम करायचो त्या संग्रहालयातली एक गोगलगाय माझा आवाज ओळखते, हाक मारली की उजवं शिंग वर करते, असं मी सासूबाईंना सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत पत्रात तिची खुशाली विचारत. आणि गोगलगाय वस्तऱ्याच्या पात्यावरून सरळ चालत जाते, तिला ओरखडासुद्धा उठत नाही, हे मी जेवताना सांगितलं तेव्हा मेहुणा हसता हसता ठसका लागून पडायचा राहिला. तिच्या जिभेवर हजारो दात असतात म्हटलं तर म्हणे, भाऊजी, आज जरा जास्तच झालं. दोन्ही गोष्टी देवाशपथ खऱ्या. खऱ्याला तिखटमीठ लागत नाही म्हणून ते कुणाच्या घशाखाली उतरत नाही, हे मी फार उशिरा शिकलो. तोवर 'थापाड्या' हे नाव माझ्या पाठीला असं चिकटलं होतं की खरवडलं तर कातडी निघाली असती. आणि आज, त्या टोपलीवर बसून, समोरच्या राखाडी गोळ्याकडे बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली की मीही स्वतःच्या सांगण्यातलं निम्मं सोडून देतो की काय. हा पिवळा मला दिसतोय, की मला दिसायला हवाय?

ती माझी गोगलगाय. म्हणजे नाव मी दिलेलं. शहराबाहेरच्या एका टेकडीच्या सावलीतल्या उतारावर, कुजल्या पानांखाली, मी ती शोधली. तेवढा उतार सोडला तर पृथ्वीच्या पाठीवर ती कुठेच नाही, असं मी लिहिलं. बाहेरून बघाल तर ती आणि बागेतली साधी गोगलगाय जुळ्या बहिणी. तोच रंग, पाठीवरची झूल तीच, श्वासाचं भोक त्याच उजव्या अंगाला. 'गोगलगाय अन् पोटात पाय' असं जग म्हणतं, पण आम्हा लोकांना पायाशी कर्तव्य नाही. पोटात आणखी काय आहे ते बघावं लागतं. ती नरही असते आणि मादीही, आणि या सगळ्या संसाराच्या नळ्या पोटात वेटोळं घालून बसलेल्या असतात. माझ्या जातीत त्या नळीच्या तोंडाशी एक वाकडी पिशवी असते, आतून काटेरी. साधीत ती नसते. एवढाच खात्रीचा फरक; पिवळा चिकटा ही नुसती खूण. म्हणजे ओळख पटवायची तर चिरायचं, आणि चिरायचं तर मारायचं. शंखवाल्या गोगलगायींवर काम करणारे लोक सुखी. त्यांचे प्राणी आपलं ओळखपत्र पाठीवर घेऊन हिंडतात, आणि प्राणी मेला तरी ओळखपत्र शाबूत राहतं. माझी मेली आणि नीट ठेवली नाही, की तिचा चिंचोक्याएवढा ठिपका उरतो.

तसंच झालं. ज्या नमुन्यावरून मी जात ठरवली, त्याची बरणी संग्रहालयाच्या छताचं काम निघालं तेव्हा कुणीतरी उन्हाच्या खिडकीत ठेवली. झाकण सैल. स्पिरिट उडून गेलं आणि तळाशी एक काळी खपली उरली. बाकीचे नमुने त्या काळच्या शिस्तीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये घातलेले. ते इतके आखडून दगड झाले की सुरी लावली तर भुगा होतो, आणि आजकालच्या डीएनएच्या तपासणीला त्यातून काही मिळत नाही. उरलं काय? माझं एक चित्र. माझ्या हाताने काढलेली वाकडी पिशवी. माझ्या हाताने!

माझ्या जागेवर आता माझीच विद्यार्थिनी बसते. शंखांवरच वाढलेली म्हणून मी तिला शंखवाली म्हणतो, आणि ती ते आनंदाने ऐकून घेते. हुशार आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रामाणिक आहे. या प्रांतातल्या सगळ्या गोगलगायींची नवी यादी तिने केली. काल तिचा फोन आला. "सर, आधी रागवायचं नाही असं कबूल करा." "कबूल. आता बोल." "तुमची जात मी साधीत मिळवून टाकतेय. उद्या संध्याकाळी पाठवायचंय." मी म्हटलं, "मिळवून टाकतेयस म्हणजे? ताकात पाणी आहे का?" ती हसली नाही. "सर, नमुना नाही. सगळा उतार आम्ही पालथा घातला, एक दिसली नाही. आता तर उतारच नाही. पिवळ्या चिकट्याचं म्हणाल तर ते खाण्यावरही अवलंबून असतं. मी काय लिहू?" "हरवली आहे म्हणून लिही." "जी होती तीच हरवते, सर," ती म्हणाली आणि मग घाईघाईने, "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर, पण विश्वासाचा रकाना नसतो."

'जी होती तीच हरवते' या वाक्याने रात्रभर माझ्या छातीवर ठाण मांडलं. माझं नाव जाईल म्हणून नव्हे; थोडं त्यासाठीही, खोटं कशाला बोलू. पण हरवलेल्याला कुणीतरी शोधतं. आई शोधते, पोलीस शोधतात, भविष्यात एखादं खुळं पोरगं कंदील घेऊन पानांखाली शोधतं. जे कधी नव्हतंच त्याला कोण शोधणार? एक ओळ लिहिली की ती जिवंत असली तरी नाही. कुणाच्या तरी बुटाखाली आली तर साधीच मेली.

आणि ती इथे कशी आली, हे टोपलीवर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं. टेकडीचा तो उतार खणून माती उचलली ती आमच्याच वस्तीत भरावाला आली. आमच्या तळमजल्याच्या मागच्या खड्ड्यात ट्रकच्या ट्रक ओतले. मी खिडक्या लावून घेऊन त्या धुळीला शिव्या दिल्या होत्या. वस्तीची गटाराची लाइन अजून आलेली नाही. बाथरूमचं, स्वयंपाकघराचं, सगळं पाणी पाइपातून त्या मातीतच मुरतं, तिथे गवत माजलंय. मी टेकडीवर जायचं सोडलं, तर टेकडी चालत माझ्या न्हाणीघरापर्यंत आली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली असती तर निम्मी नाही, सगळीच्या सगळी सोडून दिली असती.

मी तिला मगात घेतलं, वर टॉवेल टाकला आणि चोरासारखा माझ्या खोलीत गेलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, अर्धी दाढी तशीच राहिलीय!" मी म्हटलं, "फॅशन आहे." "या वयात?" "या वयातच धाडस होतं." ती पुटपुटली, "नाटकी मेला," आणि भांडी घासायला लागली. खोलीत मी मग खिडकीपाशी ठेवला. गोळा हळूहळू सैल झाला. आधी खालची आखूड शिंगं आली, मग वरची, टोकाला डोळ्याचा काळा टिपका घेऊन. तिने खिडकीकडे एक शिंग वळवलं आणि दुसरं माझ्याकडे. थोडी लहान होती. उन्हाळ्यात उपाशी राहिल्या की आक्रसतात, मी स्वतःला म्हटलं. उपाशी आहे बिचारी. हे मी इतक्यांदा म्हटलं की ते मला पटलं. काय काय करता आलं असतं! जिवंत ठेवायची, खायला घालायचं, वाट बघायची. जोडीदार नसला तरी क्वचित यांना अंडी होतात. पण संध्याकाळी यादी जाणार. आणि जिवंत गोगलगाय हातावर ठेवून मी शंखवालीला काय म्हणणार, ही बघ ती? ती म्हणेल, कशावरून? पुरावा पोटात. ही शेवटची असेल तर तिला चिरून मी सिद्ध करणार की ती होती. आणि चिरली नाही तर ती आहे, पण नाही. माझे मास्तर, ज्यांनी माझ्या हातात पहिली सुई दिली, ते म्हणायचे, "आपला धंदा उलटा आहे रे. डॉक्टर नाव विचारतो आणि मग चिरतो, आपण चिरतो तेव्हा कुठे नाव कळतं." आम्ही विद्यार्थी यावर खूप हसायचो. तेव्हा गोगलगायी टोपलीभर मिळत.

मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. "चहा हवा तर सांगायचं," ही म्हणाली. "चहा नको. गरम पाणी हवंय." "घसा?" "हो, घसा." पाणी उकळून गार केलं की त्यातली हवा निघून जाते. बरणी काठोकाठ भरायची, गोगलगाय आत सोडायची, झाकण घट्ट, बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. सरळ स्पिरिटमध्ये टाकली तर ती वेदनेने आखडते आणि आतल्या नळ्यांचा गुंता होतो. पाण्यात मात्र ती सावकाश, पूर्ण लांब होऊन, शिंगं बाहेर ठेवून मरते. जिवंतपणी असते त्याहून सुंदर दिसते. मी आयुष्यात हे इतक्यांदा केलं की हात आपोआप चालतात, आणि आज ते चालत होते याचाच मला संताप आला. तिला चिमट्यात उचलताना परत तो पिवळा चिकटा आला, चिमट्यावर, माझ्या नखावर. घाबरली की सोडते. मी म्हटलं, "घाबरू नकोस," आणि झाकण फिरवलं.

त्यानंतर मी काहीच केलं नाही. बसलो. मारणाऱ्याने समोर बसू नये असं मास्तरांनी शिकवलं होतं, मी बसलो. ती काचेवर चढली, तळव्यावरून लाटा सरकताना दिसत होत्या, पायाच्या टोकापासून डोक्यापर्यंत, एकामागून एक, जणू घाई कसलीच नाही. मला वाटलं, झाकण उघडावं. अजून वेळ आहे. उठलोही. बरणीवर हात ठेवला आणि काच माझ्या हाताच्या उबेने धुरकटली, तो धूर पुसताना माझ्या मनात काल ऐकलेलं ते वाक्य आलं, आणि मी हात काढून घेतला. हिने दारावर टकटक केलं, जेवायला बोलावलं. मी म्हटलं भूक नाही. "अर्ध्या दाढीने पोट भरलं वाटतं," ती बाहेरूनच म्हणाली, पण थोडा वेळ तिथेच उभी राहिली असावी, कारण पावलं लगेच वाजली नाहीत. चाळीत नवीन लग्न झालेलं असताना मी तिला रोज एक थाप सांगायचो आणि ती रोज ओळखायची. एकदा मी खरंच अपघातात सापडून रक्ताळून आलो तर ती हसत दार उघडून म्हणाली, आज कोणतं सोंग? मग रक्त बघून मटकन खाली बसली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक थापेआधी ती क्षणभर माझा चेहरा निरखते. तो क्षण मी तिच्याकडून कमावलेला आहे, आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही. बरणीतल्या लाटा मंदावत गेल्या. एकेक लाट निघायची आणि अर्ध्यावर विसरल्यासारखी थांबायची. शेवटी ती काचेवरून सुटली आणि पाण्यात आडवी तरंगत राहिली, लांब, सैल, दोन्ही शिंगं पुढे. मी सुईने एक शिंग हळूच टोचलं. ते आत गेलं नाही.

शंखवालीला मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "यादी पाठवू नकोस, दुपारी ये." ती आली तेव्हा मी मेणाच्या ताटलीत टाचण्या लावत होतो. तिने पाहिलं आणि पायातली चप्पलसुद्धा न काढता तिथेच थांबली. "सर, कुठे मिळाली?" "बाथरूममध्ये." "सर..." "हीच गंमत आहे," मी म्हटलं. "या वेळी थाप मारायची असती तर मी याहून बरी जागा निवडली असती." तिने चिमट्यावर वाळलेला पिवळा डाग नखाने खरवडून पाहिला. मी पहिली चीर पाठीवरून घेतली, झूल बाजूला केली, पोटातलं वेटोळं उलगडायला लागलो. सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून खालचं जग नेहमीसारखं मोठं, ओलं, उजळ दिसत होतं. जठर. यकृताचा तपकिरी ढीग. मग ती नळी जिथे असायला हवी तिथे सुई नेली.

मी किती वेळ बघत होतो ते मला सांगता येणार नाही. मागून शंखवाली म्हणाली, "आहे का, सर? पिशवी?" आवाजात असं काही होतं की मला कळलं, मी 'आहे' म्हटलं तर ती वाकून बघणारही नाही. लिहील. आज संध्याकाळी लिहील. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. तिला मनापासून हवं होतं की ती असावी. आयुष्यभर मी माणसांच्या गळी वाटेल ते उतरवलं, गोगलगायीला हाकेची ओळख दिली, आणि आता एका शब्दाचं काम होतं. आहे. तो शब्द माझ्या जिभेवर आला, त्याची चवही मला कळली, आणि मला माझ्या खाली ताटलीत ती दिसत होती, दोन्ही शिंगं पुढे करून.

"बघ तूच," मी म्हणालो आणि खुर्चीवरून उठलो.

ती वाकली. सुई हातात घेतली, काहीतरी बाजूला सारलं, परत बघितलं. मग डोळा नळीला तसाच ठेवून, अगदी हळू म्हणाली, "पिशवी नाही. पण काहीच नाही, सर. नळ्याच धरलेल्या नाहीत अजून. दोऱ्यासारख्या आहेत नुसत्या. हे पोर आहे हो."

पोर. या वयात कुठल्याच जातीत काही दिसत नाही. साधीतही नाही, माझ्या जातीतही नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी हेच शिकवायचो, लहान दिसली तर हात लावू नका, मोठी होऊ द्या. उपाशी आहे म्हणे! मी तिला मारली आणि ती कोण होती ते ती सांगू शकत नव्हती, कारण तिला स्वतःलाच अजून कळायचं होतं. मी भिंतीला टेकलो. रडू यावं असं वाटत होतं, पण घशातून एक कोरडा, खोकल्यासारखा आवाज तेवढा आला, आणि तो ऐकून ही आत आली. हात पदराला पुसत. तिने माझा चेहरा निरखला.

शंखवालीच आधी भानावर आली. "सर, पोर आहे म्हणजे अंडी इथेच घातलीत. आसपास कुठेतरी मोठ्या आहेत. एक तरी असणारच. पिवळा चिकटा असलेली, मोठी." ती माझा दंड धरून हलवत होती. "मी आज यादी पाठवत नाही. बाथरूम कुठे तुमचं?"

"मोठ्या ना?" ही म्हणाली. "होत्या की. बोटाएवढ्या. पाइपातून वर यायच्या, फरशी सगळी पिवळी चिकट करून ठेवायच्या. मी एकदा घसरले नव्हते का?"

शंखवालीने माझा दंड सोडला.

"तुम्हाला सांगितलं होतं मी," ती माझ्याकडे वळली. "बाथरूममध्ये गोगलगायी येतात, बघा जरा. तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, घरात शिरते ती साधीच असते. मग मी मीठ टाकायला लागले. जाळीच्या कडेने टाकते रोज, भांडी झाल्यावर. पाइपातही थोडं. आता बऱ्याच दिवसांत एक दिसली नाही." तिचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. "का हो? काय झालं? ती साधी नव्हती का?"

तिची नजर मेणाच्या ताटलीवर गेली. ती तडक बाथरूममध्ये गेली. आम्ही मागोमाग पोचलो तोवर तिने नळ सोडून मग भरला होता आणि जाळीवर ओतणार, तोच शंखवाली ओरडली, "काकू, नको! ते सगळं मीठ खाली मातीत जाईल!" हिचा हात हवेतच राहिला. मग तिने मगातलं पाणी बादलीत टाकलं, फडकं ओलं केलं आणि गुडघ्यांवर बसली. फरशीच्या कडांतून, जाळीच्या भोकांतून, दाराच्या उंबऱ्याशी, जिथे जिथे पांढरं दिसेल तिथून ती मीठ टिपू लागली आणि फडकं बादलीत पिळू लागली. शंखवालीने ओढणी खोचली आणि दुसऱ्या बाजूने बसली. मीही बसलो, गुडघे कडकड वाजले, पण आज कुणी त्यावर चिडवलं नाही. जाळी उचलून मी पाइपात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना मिठाचा थर लागला, ओला, घट्ट झालेला. तो मी नखांनी खरवडून वर आणत होतो आणि ही तो माझ्या हातावरून पुसून घेत होती, मूठ उघडायला लावून, एकेका बोटाच्या बेचक्यातून. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते खाली पडू नये म्हणून ती मधूनमधून खांद्याला गाल पुसत होती.

फरशी अखेर स्वच्छ झाली. ही उठली, दोन्ही हातांनी बादली उचलली. मिठाने गढूळ झालेलं पाणी काठाशी डुचमळलं. ती ओट्याकडे निघाली आणि थांबली, मागच्या दाराकडे वळली आणि थांबली. आमच्या घरातली प्रत्येक जाळी त्याच मातीत उघडते.

"अहो," बादली छातीशी धरून ती म्हणाली, "हे कुठे ओतू?"